पंपरूममधला राखणदार

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपाशी, जिथे कंपाउंड संपतं आणि पावसाचं पाणी साठवणाऱ्या धारण तलावाची कड सुरू होते, तिथे शेंदूर लावलेला एक दगड आहे. इमारतीच्या मंजूर नकाशात तो नाही. मी सेक्रेटरी झाले तेव्हा पहिल्याच आठवड्यात आवारातल्या सगळ्या वस्तूंची यादी केली होती: बाकडी, कुंड्या, टाक्यांची झाकणं, आग विझवायची नळकांडी. दगडापाशी येऊन पेन थांबलं. शेवटी ‘दगड, जुना, हलवू नये’ असं लिहून पुढे गेले.

हलवू नये, हे मला मावशींनी बजावलं होतं. मावशी म्हणजे आमच्या बिल्डिंगमधल्या तीन फ्लॅटच्या मालकीण. स्वतः राहतात रिक्षाने दहा मिनिटांवर, गावठाणातल्या आपल्या घरात. बेलापूरच्या या बाजूला शहर वसण्याआधी इथे त्यांच्या सासऱ्यांची भातशेती होती. जमीन संपादनात गेली, बदल्यात मिळालेला प्लॉट सुदैवाने त्याच शेताच्या कडेला निघाला, त्यावर बिल्डरने इमारत बांधली आणि मावशींच्या वाट्याला तीन फ्लॅट आले. दर अमावास्येला त्या येतात. नऊवारी, कपाळभर कुंकू, कमरेला खोचलेला मोबाइल. दगडापुढे नारळ फोडतात, एक अंडं ठेवतात आणि जाता जाता भाडेकरूंच्या दारात वाळत घातलेले कपडे नीट आहेत का ते पाहून जातात.

“यो शेताचा राखनदार हाय, बाय,” त्यांनी मला सांगितलं होतं. “नाग. माज्या सासऱ्याच्या वक्ताला बांधावं दिसाचा. भराव परला, तवापासून कोनाला दिसला नाय.”

मी मूळची देशावरची. आमच्याकडे नागपंचमीला पाटावर गंधाने नाग काढतात आणि उरलेलं वर्षभर नाग दिसू नये अशीच सगळ्यांची इच्छा असते. मी मान डोलावली आणि दगडाभोवतीचं गवत कापताना माळ्याने काळजी घ्यावी, अशी सूचना लिहून ठेवली.

त्या वर्षी नवरात्रात राखणदार दिसला.

तळमजल्यावरच्या वहिनींनी सकाळी मागचं दार उघडलं, तर दगडाला वेटोळं घालून एक साप बसलेला. पिवळा. हळदीत दूध कालवल्यासारखा, मधे मधे पांढरे पट्टे. वहिनींनी आधी किंचाळून घेतलं आणि मग फोटो काढला. सोसायटीच्या ग्रुपवर तो फोटो आला तेव्हा मी तुर्भ्याला ऑफिसात पोचले होते. मी एका कारखान्यात खरेदी विभाग सांभाळते. त्या दिवशी बेअरिंगच्या तीन कोटेशनांपेक्षा जास्त वेळ मी तो ग्रुपच वाचत होते. कोणी म्हणे इच्छाधारी, कोणी म्हणे एडिट केलेला फोटो. बी विंगमधल्या काकांनी लिहिलं, ‘मेंटेनन्स न भरणाऱ्यांना शोधायला आला आहे.’

संध्याकाळी घरी येते तो मावशी येऊन दगडापुढे बसलेल्या. साप केव्हाच निघून गेला होता. त्यांनी मोबाइलमधला फोटो मोठा करून डोळ्यांजवळ धरला होता.

“आला गो,” एवढंच म्हणाल्या.

त्यांचे डोळे भरले होते. नाग असा पिवळा नसतो, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते बोलले नाही.

मग रोजचंच सुरू झालं. मावशींचं अमावास्येचं एक अंडं होतं, त्याची रोजची पाच-सात झाली, कारण आता सगळ्यांनाच राखणदार हवा होता. अंडं न खाणारे दुधाची वाटी ठेवायचे. कोणी लाह्या, कोणी बिस्किटं. सकाळी अंड्यांची टरफलं आणि मुंग्या. दिवाळीच्या सुमारास उंदीर इतके वाढले, की पार्किंगमधल्या दोन गाड्यांच्या वायरी कुरतडल्या गेल्या. मी नोटीस लावली: आवारात खाद्यपदार्थ ठेवू नयेत. ग्रुपवर लगेच आलं, ‘सेक्रेटरी मॅडम आता देवालाही नोटीस देणार.’ त्याखाली हात जोडलेली चित्रं.

अशातच एका रविवारी सकाळी दुसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू माझ्या दारात उभा राहिला.

हा मावशींचाच भाडेकरू. चाळिशीचा, एकटा, ऐरोलीला कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारा. मीटिंगला कधी येत नसे आणि कधी कसली तक्रारही करत नसे. अशा रहिवाशांवर सेक्रेटरीचा जीव असतो. मी त्याला आत घेतलं, तर तो सोफ्याच्या अगदी कडेला टेकला.

“मॅडम, तो राखणदार नाहीये,” तो म्हणाला. “ती माझी आहे.”

“कोण तुमची?”

“अजगर आहे ती. आफ्रिकेतली लहान जात. मादी आहे. एवढीच वाढते.” त्याने दोन्ही हात पसरून साधारण चार फुटांचं माप दाखवलं. “गणपतीला गावी गेलो होतो. आलो तर पेटीचं झाकण सरकलेलं. बाथरूमच्या मोरीतून डक्टमध्ये गेली असणार.”

माझ्या नवऱ्याने पेपर खाली केला. “म्हणजे आम्ही महिनाभर तुमच्या अजगराला दूध पाजतोय?”

“ती दूध पीत नाही,” तो अपराध्यासारखा म्हणाला. “कुठलाच साप पीत नाही.”

मी माझे प्रश्न विचारले. विषारी? नाही. चावते? घाबरली तर स्वतःचाच चेंडू करून डोकं आत लपवते. कागद? आहेत, परदेशी प्राण्यांची जी सरकारी नोंदणी असते ती त्याने केली होती. घरमालकिणीला माहीत आहे?

नाही, म्हणाला. मग हळूहळू बोलला. आधी तो कोपरखैरण्याला राहत होता. तिथे मालकाला कळलं तेव्हा त्याने एका दिवसात सामान बाहेर काढायला लावलं. वाशीला मालकाने पर्याय दिला, साप नाहीतर खोली. त्याच्या सख्ख्या भावाच्या घरीही तसंच. ती बारा-तेरा वर्षांची होती, अजून तितकीच जगू शकत होती. मावशींनी घर देताना फक्त तीन गोष्टी विचारल्या होत्या: दारू, पार्ट्या, कुत्रा. तिन्हींना त्याने खरंच नाही म्हटलं होतं.

“इथून काढलं तर पुन्हा शोधायला लागेल. आणि आता कोणी देणार नाही, मॅडम. एजंट लोक एकमेकांना सांगतात.”

“मग मावशींना आपणहून सांगा.”

“त्या तिच्या नावाने दगडाला हळदकुंकू लावतायत. मी कुठल्या तोंडाने सांगू?”

बरोबर होतं त्याचं. मी त्याला शब्द दिला की मी सांगणार नाही. सांगायचं तर त्यानेच. पण मला एक गोष्ट कळायला हवी होती, कारण तीनशे माणसं या आवारात राहतात आणि त्यांना उत्तर मला द्यावं लागतं. मी विचारलं, “हिची पिल्लं होतील का? इथे, बाहेर?”

इतका वेळ कडेला बसलेला माणूस सोफ्यावर नीट मागे टेकून बसला. हा प्रश्न त्याने स्वतःला आधीच विचारलेला दिसत होता.

त्याने जे सांगितलं ते मी माझ्या पद्धतीने समजून घेतलं. एखाद्या परक्या जिवाला नव्या जागी बस्तान बसवायचं तर हवामान मानवलं पाहिजे, लपायला जागा पाहिजे, खायला पाहिजे, जोडीदार पाहिजे, आणि पिल्लांची पिल्लं होईपर्यंत हे सगळं टिकलं पाहिजे. त्यातलं एक जरी नसेल तरी तो जीव काही दिवस जगतो आणि मरतो, मागे काही राहत नाही. सुटलेल्या बहुतेक प्राण्यांचं असंच होतं. अमेरिकेच्या एका दलदलीच्या भागात मोठे अजगर असेच सुटले आणि आता तिथलेच झाले, पण तिथे एक नव्हता. बरीच वर्षं बऱ्याच लोकांनी नको झालेले अजगर सोडले होते आणि त्यातून त्यांची एकमेकांशी गाठ पडली. आपल्याकडची ही एकटी. शिवाय इथे मुंगसं आहेत, घारी आहेत, बोके आहेत.

“म्हणजे नाही होणार,” मी म्हणाले. मला नोंद करायला एक शब्द हवा होता.

“तसं नाही म्हणता येत. हवामान तिला चालतं. लपायला तलावाची कड आहे. आणि खाणं...” त्याने दगडाच्या दिशेने हात केला. “खाणं आपण देतोय. ती अंडी खात नाही, पण अंड्यांवर उंदीर येतात.”

आमची भक्ती अजगराच्या पोटापर्यंत अशी पोचत होती, हे माझ्या तोवर लक्षात आलं नव्हतं.

“पण नर नाही ना?”

“नाही. तरी या जातीच्या माद्यांनी नराशिवाय पिल्लं दिल्याची उदाहरणं आहेत. फार क्वचित. तुमच्या कुंड्यांत वाळा निघतो का कधी? गांडुळासारखा, काळा, चकचकीत?”

निघतो. मी त्याला गांडूळच समजत होते, फक्त जास्त चपळ.

“तो सापच आहे. त्यांच्यात नर नसतोच, सगळ्या माद्या. आपल्याच भागातला. कुंड्यांच्या मातीतून जगभर गेलाय. एक जरी पोचली तरी पुरते.”

तो गेल्यावर मी तलावाच्या कडेने फिरून आले. त्या तलावातली चिलापी मासळी आम्ही बाजारातून आणून खातो. ती इथली नाही, हे मला कोणी सांगेपर्यंत माहीत नव्हतं. पावसाळ्यात भिंतीवर चढणाऱ्या मुठीएवढ्या गोगलगायी आफ्रिकेच्या. रस्त्याकडेची सुबाभूळ मेक्सिकोची. यातलं कोणी येताना कोणाला दिसलं नसेल, आणि दिसलं तेव्हा ते इथलंच झालेलं होतं. शिवाय, आलेले पण न टिकलेले किती, याचा तर पत्ताच नाही, कारण जे टिकत नाही त्याची आठवण ठेवायला कोणी उरत नाही. आमच्या शहराचंही तसंच आहे. पहिल्या वर्षांत इथे राहायला आलेली आणि पाणी नाही, बस नाही म्हणून परत गेलेली कुटुंबं आता कोणाला आठवतात? मी राहिले म्हणून मला वाटतं की इथे राहणं सोपं होतं.

भाडेकरूने आणि मी मिळून बरंच शोधलं. रविवारी सकाळी तो तलावाच्या कडेचा पालापाचोळा काठीने उलटायचा आणि विचारणाऱ्याला मी सांगायची की डासांच्या अळ्या बघतोय. साप सापडला नाही. डिसेंबरात मात्र थंडी पडली. आमच्याकडे ती चार दिवसच असते, पण असते. अशाच एका सकाळी वॉचमन धावत वर आला.

“मॅडम, राखनदार मिल गया! पंपरूम में!”

पाण्याच्या मोटारीला टेकून, तिच्या उबेला, ती वेटोळं करून बसली होती. वॉचमनने वर घमेलं पालथं घातलं होतं आणि घमेल्यावर वीट ठेवली होती. मी ओळखीच्या सर्पमित्राला फोन केला. तो उलव्याला दुसऱ्या कॉलवर होता, दुपारपर्यंत येतो म्हणाला. तोवर अर्धी सोसायटी पंपरूमसमोर जमली होती आणि कोणीतरी मावशींना कळवलं होतं. मावशी आल्या त्या टेम्पोच घेऊन. हातात नारळ, नवीन वेताची टोपली, वर पांढरं धोतर.

“घमेल्याखाली घातला? राखनदाराला? लाज हाय का तुमाला?” त्यांनी वॉचमनला झापलं. मग सगळ्यांना सांगितलं, “थंडीनं आलाय बिचारा. इथं त्याला सुख नाय. आता रानान सोरू. डोंगराव नेतंय मी. पाऊस-पानी, झारं, सगला हाय तिथं.”

लोकांना ते फार पटलं. तळमजल्यावरच्या वहिनींनी ओवाळायला ताट आणलं. साप मेला असता तर पाप, आवारात राहिला तर भीती. सन्मानाने रानात सोडला की दोन्ही मिटतं. मी गर्दीत उभी राहून विचार करत होते की परका जीव रानात पोचतो तो असाच पोचत असेल, हात जोडून, नारळ फोडून. ती तिथे उपाशी मरेल किंवा मुंगसाच्या तोंडी पडेल. आणि क्वचित, फारच क्वचित, मरणार नाही.

भाडेकरू जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा होता, खांद्याला लॅपटॉपची बॅग. ऑफिसला निघाला होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर ते सांगण्यासारखंच झालं असतं. गप्प राहिला असता तर घर शाबूत होतं. टेम्पो निघाला असता, लोक पांगले असते, आणि मावशी त्याच्या दारावरून जाताना नेहमीसारख्या म्हणाल्या असत्या, बरा हाय ना रे?

तो पुढे आला. बॅग खाली ठेवली, घमेल्यापाशी गुडघ्यावर बसला, वीट काढली, घमेलं बाजूला केलं आणि दोन्ही हातांनी अजगराला उचललं. लोक मागे सरकले. तिने त्याच्या मनगटाला सावकाश विळखा घातला.

“मावशी, ही डोंगरावर जगणार नाही,” तो म्हणाला. “ही माझी आहे. मी पाळलीये. तुमच्या घरातून सुटली.”

मग बी विंगमधले काका हसले आणि त्यांच्या मागून बरेच.

मावशी हसल्या नाहीत. “माज्या घरान साप पालला?”

“हो.”

“आनि दोन म्हयने तुज्या पोरीला मी हलद-कुकू लावला.”

“हो, मावशी.”

“तुना सांगाला तोंड नव्हता?”

“घर जाईल म्हणून भ्यालो.”

“आता नाय जानार?”

मावशींनी टोपली टेम्पोवाल्याच्या हातात दिली आणि त्याच्या जवळ गेल्या. सापाकडे नाही, त्याच्याकडे बघत त्यांनी विचारलं, “हिची पोरा-बाला हायत का बाहेर? तीन म्हयने फिरली ती. खरा सांग. या जाग्यान हिची पिलावल व्हनार का?”

मला आतून वाटलं, नाही म्हण. एक शब्द म्हण आणि मोकळा हो. मी मोठ्याने बोलायला तोंडही उघडलं होतं.

“बहुतेक नाही,” तो म्हणाला. “एकटी आहे, नर नाही. मी आणि मॅडमनी शोधलं, अंडी दिसली नाहीत. पण शंभर टक्के नाही असं मी सांगू शकत नाही. क्वचित नराशिवायही होतं. तसं झालं असेल तरी टिकणं फार कठीण आहे. पण मला माहीत नाही.”

गर्दीत कुजबुज झाली. काकांचं हसू थांबलं. “म्हणजे? उद्या पिल्लं निघाली तर जबाबदारी कोणाची?” ते माझ्याकडे वळले. “सेक्रेटरी मॅडम, हे मिनिट्समध्ये घ्या.”

“ओ, तुमी गप ऱ्हावा जरा,” मावशी त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. त्या अजून भाडेकरूकडेच बघत होत्या. “शेत घेतला तवा सायेब बोलला, काय नाय होनार. भराव टाकला तवा बिल्डर बोलला, पानी भरनार नाय. दर पावसान भरतंय. पोराचा आपरेशन झाला तवा डाक्टर पन बोलला, काय नाय होनार. आजपरत मना एक मानूस भेटला नाय जो बोलला का मना म्हाईत नाय.”

मग टेम्पोवाल्याला म्हणाल्या, “जा रे तू. गाडी लागत नाय.”

मी घाईने मधे पडले आणि जे करता येण्यासारखं होतं ते सांगून टाकलं. डक्टच्या सगळ्या मोऱ्यांना जाळ्या. दगडापुढचं खाणं पूजा झाली की लगेच उचलायचं, म्हणजे उंदीर हटतील. येत्या पावसाळ्याच्या शेवटापर्यंत तलावाची कड दर रविवारी तपासायची आणि काही दिसलं तर न मारता कळवायचं. सर्पमित्राला दुपारी येऊ द्यायचं, त्याच्या डोळ्यांनीही एकदा पाहू द्यायचं. काकांनी तपासायची जबाबदारी कोणाची विचारलं. भाडेकरू म्हणाला, माझी. लोक एकेक करून पाण्याची वेळ आठवून वर गेले.

वहिनी ताट घेऊन तशाच उभ्या होत्या. मावशींनी ते ताट त्यांच्या हातातून घेतलं, दगडापाशी जाऊन त्याला ओवाळलं, नारळ तिथेच फोडला. दगडाचं आणि सापाचं त्यांच्या मनात काय नातं उरलं, ते मी विचारलं नाही. परत आल्या आणि त्याला म्हणाल्या, “चल वर. कंची मोरी ती मना दाखव.”

मीही मागून गेले. मोरीची जाळी गंजून एका कोपऱ्यात उचकटलेली होती. मावशींनी बोटाने ती ओढून पाहिली आणि बिल्डरला गावाकडची एक कडक शिवी दिली. त्याने सापाला पेटीत ठेवलं, झाकणाला खिट्टी लावली, पेटीखालच्या गरम पट्टीचं बटण चालू केलं. मावशी दारातून बघत होत्या. मग चपला काढून आत आल्या, पेटीपासून जरा अंतर ठेवून खुर्ची ओढली आणि बसल्या.

“हाफिसला उशीर झाला ना तुना?” त्या म्हणाल्या. “व्हवू दे. चा टाक आमाला.”